उलटी चढलेली वेल

एनॉक गॅदरकोल हा माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. इस्लिंग्टनमध्ये मिस्टर ड्यूसनॅप यांचा भिंतीच्या कागदांचा कारखाना आहे, तिथे तो ठसे कोरायचा. मी त्याच कारखान्यात वरच्या मजल्यावर नमुन्यांच्या वह्या चिकटवते, आणि राहायलाही बहिणीच्याच घराच्या माडीवर. एकोणीस वर्षं हा माणूस मी कामावर पाहिला आणि घरीही पाहिला. त्याच्याबद्दल बोलायचा हक्क कुणाला असेल तर तो मला आहे. ज्याला पटत नसेल त्याने पुढे ऐकू नये.

पहिल्यापासून घुमा. माझी बहीण थर्झा म्हणायची, "माझ्या नवऱ्याला देवाने तोंड दिलंय ते फक्त पाय खाण्यासाठी." पाय म्हणजे तिच्या हातचा, भट्टीत भाजलेला, आत गोमांस आणि वर खुसखुशीत पारी असलेला. तो नुसता हसायचा आणि बशी पुढे करायचा. पण हातात छिन्नी आली की वेगळा माणूस. पेअरच्या लाकडाच्या फळीवर तो फर्नचं पान असं कोरायचा की पानामागची धूळसुद्धा दिसावी. एका कागदाला दहा-बारा रंग म्हणजे दहा-बारा ठसे. एक फक्त गडद हिरव्याचा, एक फिक्या हिरव्याचा, एक नुसत्या देठांचा. सगळे एकमेकांवर केसाएवढाही फरक न पडता बसायला हवेत. छापणारे रंग लावायचे, ठसा ठोकायचे, पण दिवाणखान्यात बसून बायका ज्या फुलांकडे बघत चहा प्यायच्या ती फुलं एनॉकची. त्यांना हे नाव कधी कळलं नाही, आणि त्यालाही ते कळावं असं कधी वाटलं नाही.

अठराशे बहात्तर सालच्या उन्हाळ्यात केंट परगण्यातल्या फॅव्हरशॅमकडच्या एका बिअरवाल्याने नवं घर बांधलं. मिस्टर टोलहर्स्ट. त्यांना जेवणघराला हॉपच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीचा कागद हवा होता, खास त्यांच्यासाठी, दुसऱ्या कुणाच्या भिंतीवर न लागणारा. हॉपवर त्यांची बिअर, बिअरवर त्यांचं घर, तेव्हा मागणी रास्तच होती. मिस्टर ड्यूसनॅपनी चित्र काढायला अ‍ॅव्हरिल नावाचे एक तरुण गृहस्थ नेमले. गुलाब, लिली, आयरिस हे त्यांनी पुष्कळ काढले होते. हॉप मात्र त्यांनी फक्त पेल्यात पाहिलेला.

तेव्हा थर्झाच पुढे झाली. आम्ही होनेस बहिणी केंटच्या. आमच्या आईने मे महिन्यात काठ्यांना हॉप बांधला, तिच्या आईनेही बांधला, आणि आम्ही चालायला लागल्यापासून बांधला. थर्झा गावी गेली, भावाच्या मळ्यातून मुळासकट वेल आणि काठी घेऊन आली. वाटेत गाडीच्या हादऱ्यांनी वेल काठीवरून सुटली, तर कारखान्यात येऊन तिने ती स्वतःच्या हाताने पुन्हा गुंडाळली आणि तीन दिवस अ‍ॅव्हरिलसाहेबांच्या शेजारी उभी राहिली. "साहेब, पान तीन बोटांचं असतं, तुम्ही पाच का काढताय? कोबी आहे का हा?" असं चाललेलं आम्हाला वर ऐकू यायचं. साहेब बिचारे भले होते. तिचं सगळं ऐकायचे.

चित्र झालं, त्यावरून पारदर्शक कागदावर ट्रेसिंग निघालं, आणि चित्र घेऊन अ‍ॅव्हरिलसाहेब इटलीला गेले. तिथून त्यांचं पत्र आलं नाही, पत्ताही नाही.

फेब्रुवारीत थर्झा गेली. आठवडाभर कुशीत दुखतंय म्हणत होती, मग श्वास लागला, मग संपलं. बेचाळीस वर्षांची होती.

दुःख झालेली माणसं मी पाहिली आहेत. रडतात, पितात, नातेवाइकांशी भांडतात, देवाला शिव्या देतात. एनॉकने यातलं काहीही केलं नाही. मंगळवारी तिला पुरलं आणि बुधवारी सकाळी सातला तो कामाच्या बाकावर बसला. कॉलर स्वच्छ, दाढी केलेली. कुणी "वाईट झालं रे" म्हटलं की "हो" म्हणायचा. कुणी पाव दिला तर खायचा, नाही दिला तर नाही. एकदा खालच्या मुलीकडून त्याच्या मनगटावर उकळता सरस सांडला. आम्ही सगळे ओरडलो. त्याने हाताकडे बघितलं, फडक्याने पुसला आणि पुढची रेघ कोरायला घेतली. कातडी निघाली होती.

मीही काही वेगळी नव्हते. वह्या चिकटवत राहिले. खळीचं भांडं, कात्री, पट्टी, पुढचं पान. डोळ्यांतून टिपूस नाही. लोक म्हणाले, होनेसांच्या पोरी खंबीर. खंबीर कसल्या, लाकडाच्या झालो होतो.

त्या महिन्यातच त्याने हॉपचे ठसे सुरू केले. रीत अशी की पहिल्या ठशाचं ट्रेसिंग फळीवर उतरवायचं, आणि पुढचे सगळे ठसे त्या पहिल्याला जुळवून घ्यायचे. पहिल्याचं काम एनॉक नेहमी घरी करायचा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कारण कारखान्यात छापायच्या दट्ट्यांनी जमीन थरथरते. ठशावर जे उजवीकडे ते कागदावर डावीकडे उमटतं. म्हणून ट्रेसिंग लाकडावर पालथं घालावं लागतं. आत्ता सांगायला वेळ लागला, पण शिकाऊ पोराला हे पहिल्या सोमवारी सांगतात, आणि विसरलं तर गुरुवारपर्यंत सगळा कारखाना त्याला आरसा म्हणून हाक मारतो.

बारा ठसे, सात महिने. सप्टेंबरात छपाई झाली. कागद आढ्याखालच्या दांड्यांवर लाटांसारखा वाळत होता. फिक्या पिवळट जमिनीवर हिरव्या वेली, मधूनमधून हॉपचे फुगीर घोस. मिस्टर ड्यूसनॅप खाली उभे राहून म्हणाले, "गॅदरकोल, हे तुझं सगळ्यात चांगलं काम." एनॉक म्हणाला, "बरं साहेब."

पट्टी कापून वहीत लावायला माझ्याकडे आली तेव्हा पन्नास गुंडाळ्या फॅव्हरशॅमला गेल्याही होत्या. मी खळ लावली, पट्टी बसवली, फडक्याने दाबली, आणि मग पाहिलं.

हॉप सूर्याबरोबर चढतो. सूर्य पूर्वेकडून दक्षिणेवरून पश्चिमेला जातो, तशीच वेल काठीभोवती फिरत जाते. समोर उभं राहून पाहिलं तर उजवीकडून डावीकडे वर. दुसऱ्या बाजूने गुंडाळायचा हट्ट केलात तर रात्रीत सुटून खाली पडते आणि सकाळी आपल्या बाजूने वर निघते. आमच्या गावात पाच वर्षांच्या पोरीला हे कळतं. माझ्या वहीतली वेल डावीकडून उजवीकडे चढत होती. प्रत्येक काठीवर, प्रत्येक वेढा.

ओरडावं, खाली धावावं, असं काहीतरी व्हायला हवं होतं. झालं नाही. मी फक्त मनात म्हटलं, उलटी आहे. मग हिशेब लावला तो असा: एनॉक मळ्यांतून फिरलेला माणूस, हॉप बांधणारणीचा नवरा. रोज त्या दांड्यांखालून ये-जा करतो आणि त्याला दिसत नाही. म्हणजे त्याला काहीच दिसत नाही. त्याचं जे काही उरलं आहे ते म्हणजे तो बाक, ती छिन्नी आणि सकाळी सातची घंटा. बाक गेला तर माणूस गेला. मी सांगितलं तर बाक जाणार. नाही सांगितलं तर? भिंतीकडे कोण एवढं बघतं?

तरी एकदा जिन्याशी गाठून विचारलं, "हॉप कसा झालाय रे?"

"झालाय."

"नीट पाहिलास?"

"बारा ठसे आहेत," तो म्हणाला आणि खाली गेला.

मी वही मिटली आणि गप्प बसले. पण एक गोष्ट मी विसरले होते, कागद जाणार होता केंटला. आंधळ्यांच्या गावात आरसा खपतो, पण कुंभारवाड्यात वाकडं मडकं नाही.

ऑक्टोबरात टोलहर्स्टांचं पत्र आलं. काय लिहिलं होतं ते मिस्टर ड्यूसनॅपनी कुणाला वाचून दाखवलं नाही, पण त्यांचा चेहरा पाहून छापणाऱ्यांनी दट्टे थांबवले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही तिघं निघालो. मालक, एनॉक, आणि नमुन्यांची वही मांडीवर घेतलेली मी, कारण टोलहर्स्टांना दुसरा कागद निवडायचा होता.

मिस्टर ड्यूसनॅप वाईट माणूस नाही. कामगार आजारी पडला तर सूप पाठवतात. पण जगात ते एकाच गोष्टीला भितात, ती म्हणजे हसणं. गाडीत त्यांनी स्पष्टच सांगितलं. "गॅदरकोल, चित्र इटलीत आहे. ट्रेसिंग दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं, त्यावरून काही ठरत नाही. चूक चित्रकाराची असेल तर मी टोलहर्स्टांना तसं सांगेन, ते समजून घेतील. चूक ठशाची असेल तर मी तुला बाकावर ठेवू शकत नाही. आपल्या गिऱ्हाइकाचं अख्ख्या परगण्यात हसू झालंय."

"बरं साहेब," एनॉक म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. हंगाम संपला होता. मळ्यांत वेल नव्हती, नुसत्या उपसून उभ्या रचलेल्या काठ्या.

टोलहर्स्ट दारातच भेटले. लालबुंद, गलेलठ्ठ माणूस, पण आवाज रडवेला. आम्हाला सरळ जेवणघरात नेलं. खाली कमरेएवढी ओकची फळी, वर छतापर्यंत आमचा हॉप. खरं सांगू? सुंदर दिसत होता. उलटा आणि सुंदर.

"नऊ शेतकरी जेवायला बोलावले होते," टोलहर्स्ट म्हणाले. "ज्यांच्याकडून मी तीस वर्षं माल घेतो ते. म्हातारा अ‍ॅमॉस बिशप सूप पीत होता. चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, 'काय रे टोलहर्स्ट, तुझा हॉप तुझीच बिअर पिऊन चढलाय का? घरचा रस्ता चुकला की!' मग काय, सूप राहिलं बाजूला. एकजण म्हणे, आता कळलं बिअर आंबट का होते. आता बाजारात गेलो की पोरं माझ्यासमोर उलटी चालतात, उलटी! आणि मला तर कळलंही नव्हतं हो. मी हॉप पाहतो तो गोणीत. वेल कुठल्या बाजूने चढते हे बघायला मला कुणी सांगितलं होतं?"

"मिसेस टोलहर्स्ट?" मालकांनी हळूच विचारलं.

"आईकडे गेल्यात. भिंत बदलल्यावर येते म्हणाल्या."

एनॉक भिंतीजवळ गेला होता. पाठमोरा. एक बोट त्याने वेलीवर ठेवलं आणि खालून वर नेलं, एक वेढा, दुसरा वेढा, तिसऱ्याला हात जिथवर पोचत होता तिथे थांबला. आठ महिन्यांत पहिल्यांदा तो काहीतरी बघत होता. ते मला दिसलं, आणि मला भीती वाटली. म्हणून मी तोंड उघडलं.

"चित्रच उलटं होतं साहेब," मी म्हटलं. "अ‍ॅव्हरिलसाहेब शहरातले. त्यांना हॉपमधलं काय कळणार? समोर जसं होतं तसं त्यांनी काढलं, आणि याने ट्रेसिंगवर होतं तसं कोरलं. यात ठसे कोरणाऱ्याचा काय दोष?"

मिस्टर ड्यूसनॅपनी श्वास सोडला. खरंच सोडला, मी ऐकला. "मलाही तसंच वाटत होतं," ते म्हणाले. "टोलहर्स्टसाहेब, आमचे चित्रकार—"

"समोर जसं होतं तसं म्हणजे?" एनॉकने विचारलं.

तो वळला होता. मी त्याला डोळ्यांनी खूण केली, गप्प बस. त्याने पाहिली नाही, की पाहिली आणि सोडली, कोण जाणे.

"म्हणजे समोरची वेल उलटी गुंडाळलेली होती, असंच ना केट?" तो म्हणाला. "ती थर्झाने गुंडाळली होती."

माझ्या जिभेला काही हाड आहे का! माझीच बहीण. तिला जाऊन आठ महिने, आणि मी तिच्याच हातावर चूक टाकून मोकळी झाले होते. मला इतकी लाज वाटली की पायाखालचा गालिचा दिसेना.

"अरे, मग त्यांनी बघण्यात चूक केली असेल," मी सावरायला गेले. मालकही म्हणाले, "हो, गॅदरकोल, माणूस बघताना चुकतो." टोलहर्स्टसुद्धा मान हलवू लागले. सगळ्यांनी मिळून त्याला दार उघडं करून दिलं होतं. नुसतं 'असेल' म्हणायचं होतं.

"नाही साहेब," एनॉक म्हणाला. "तीन दिवस ती त्यांच्या शेजारी उभी होती. त्यांनी एक वेढा उलटा काढला असता तर तिने हातातली पेन्सिल काढून घेतली असती. थर्झा होनेस होती ती. तिच्यासमोर हॉप उलटा चढला नसता." मग अगदी साध्या आवाजात, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाला, "मी ट्रेसिंग पालथं घातलं नाही. सुलटंच ठेवलं आणि कोरलं. बाराही माझेच."

टोलहर्स्टांनी रुमालाने मान पुसली. "जाऊ दे हो ड्यूसनॅप," ते पुटपुटले, "एवढं काही..." पण त्यांनाही ते वाक्य पुरं करता आलं नाही. रोज पोरं उलटी चालत होती त्यांच्यासमोर.

"गॅदरकोल," मालक म्हणाले, "मी तुला वाट दिली होती."

"हो साहेब."

"शनिवारी हत्यारं घेऊन जा."

"बरं साहेब," एनॉक म्हणाला. पण हे 'बरं' आधीच्या 'बरं'सारखं नव्हतं. यात माणूस होता.

मालक नवा कागद दाखवायला थांबले. वही मी त्यांच्या हातात दिली आणि एनॉकबरोबर स्टेशनवर आले. दुपारची वेळ, फलाटावर एक बाई आणि तिची कोंबड्यांची टोपली, बस. आम्ही बाकावर बसलो. मला माफी मागायची होती. कशी मागायची ते सुचेना, म्हणून रागावले.

"शहाणा आहेस मोठा! ती काय वरून ऐकत होती? काय बिघडलं असतं? आता खाशील काय, छिन्न्या?"

"पोस्टरची अक्षरं कोरतात बर्मंडसीला," तो म्हणाला. "तिथे विचारतो."

"ती पण उलटीच कोरायची असतात, माहितेय ना?"

"माहितेय."

कोंबड्या कुरकुरत होत्या. आणि मग तो बोलायला लागला, माझ्याकडे न बघता, रुळांकडे बघत.

"दर वेळी विचारायची, केट. एकोणीस वर्षं. मी टेबलावर फळी ठेवली, ट्रेसिंग ठेवलं, की ती चुलीपाशी असायची, वळायचीसुद्धा नाही. 'पालथं घातलंस का रे?' दर कागदाच्या पहिल्या ठशाला. मी चिडायचो. म्हणायचो, मी काय शिकाऊ आहे का, तू पाय बघ तुझा, करपतोय. आणि मी घातलेलंच असायचं गं. दर वेळी. एकदाही असं झालं नाही की तिने विचारलं आणि मी विसरलेलो होतो. मला वाटायचं, उगीच विचारते." त्याचा आवाज तिथे फुटला. "या खेपेला फळी ठेवली. ट्रेसिंग ठेवलं. आणि वाट बघत बसलो. किती वेळ बसलो ते माहीत नाही. मग कोरायलाच घेतलं."

तो रडत होता. तोंड उघडं ठेवून, लहान मुलासारखा, आवाज न करता. टोपलीवाली बाई उठून फलाटाच्या दुसऱ्या टोकाला गेली, भली बाई.

"स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं," तो म्हणाला.

फेब्रुवारीपासून मी त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. रोज संध्याकाळी झाकलेलं ताट जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवायचे, दारावर टकटक करायचे, आणि तो दार उघडायच्या आत माडीवर पळायचे. आठ महिने. आणि शेजारणींना सांगायचे, मी त्याची काळजी घेते.